नेहमीचीच गोळी

लेकीकडून बापाला एक साधा प्रश्न विचारायचा राहून गेला, आणि आता त्या न विचारलेल्या प्रश्नावर बापाचा जीव टांगला होता. दोघंही डॉक्टर. दोघांनीही जन्मभर परक्या माणसांना तोच प्रश्न विचारलेला. पण दिवा जगाला उजेड देतो आणि त्याच्या बुडाशी मात्र काळोख असतो, तसं झालं.

बापाला सगळे मोठे डॉक्टर म्हणत. घरी ते आबा. दोन खोल्यांचा दवाखाना त्यांनी तरुणपणी काढला, आणि हात थरथरायला लागले तेव्हा एके सकाळी स्टेथोस्कोप लेकीच्या गळ्यात घालून म्हणाले, "आता तू. मी बाहेरच्या बाकावर बसून लोकांशी गप्पा मारीन." लेकीला लोक नुसतं 'बाई' म्हणत. तिने लग्न केलं नव्हतं. दवाखान्याशीच लावलं, असं तिची आई म्हणे. कधी कौतुकाने, कधी सुस्कारा टाकून.

आबांची एक बैठक होती. दवाखान्यात त्यांनी स्वतःसाठी खुर्ची ठेवलीच नाही, एक बुटकं लाकडी स्टूल ठेवलं. समोरचा माणूस खुर्चीवर आणि डॉक्टर त्याच्याखाली. बाई शिकाऊ होती तेव्हा त्यांनी तिला त्या स्टुलावर बसवलं होतं.

"हे बघ चिमणे," ते म्हणाले होते, "औषध घेता ना, असं कुणाला विचारू नकोस. 'घेता ना'ला जगात एकच उत्तर आहे. 'हो' म्हणायला काय लागतं? नुसती मान हलवायची."

"मग काय विचारू?"

"विचार, गोळी किती वेळा राहते हो? म्हणजे समोरच्याला कळतं, राहते हे यांना ठाऊक आहे, यांचीही राहत असेल, हेही माणूसच. मग तो सांगतो. आणि विचारताना खाली बस. उभ्या माणसाला कुणी खरं सांगत नाही."

बाईने हे मनात पक्कं धरलं. कित्येक वर्षं ती तसंच विचारत होती. आणि लोक सांगत होते: आठवड्यातून दोनदा राहते, सुनेकडे गेलं की राहते, गेल्या महिन्यात घेतलीच नाही बाई, रागावू नका.

मग दवाखान्यांची एक मोठी संस्था निघाली, बाईंचा दवाखाना तिच्यात गेला आणि त्या टेबलावर सॉफ्टवेअर आलं. डॉक्टरांना निर्णयात मदत करायला, असं सांगितलं होतं. माणूस समोर बसला की त्याचं वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सगळं एकत्र करून ते पडद्यावर सांगायचं, याला हृदयविकाराचा धोका किती, गोळी किती द्यावी. आकडा हवा तितका उतरला असेल तर कोपऱ्यात हिरवं वर्तुळ. नसेल तर लाल, आणि ते लुकलुकत राहायचं. लुकलुक थांबवायचे दोन रस्ते होते. डोस वाढवायचा, नाहीतर न वाढवण्याचं कारण निवडायचं.

खोटं कशाला बोला, त्याने भलंही केलं. एका शिक्षकांची गोळी दोन डॉक्टरांच्या मधे कुठेतरी गळून पडली होती, ती त्यानेच दाखवून दिली. बाईने त्या दिवशी पडद्याला मनातल्या मनात हात जोडले होते.

पण शेजारच्या खोलीत बसणारे डॉक्टर त्याच्याशी दिवसभर भांडायचे. प्रत्येक गोष्टीवर युक्तिवाद करायची त्यांना खोड, म्हणून त्यांना सगळे वकील म्हणत. सॉफ्टवेअरचं 'सासूबाई' हे नाव त्यांनीच पाडलं.

"काय म्हणतात सासूबाई?" ते दारातून डोकावून विचारायचे.

"म्हणतात, सुनेने डोस वाढवावा."

"आणि नाही वाढवला तर?"

"कारण सांगावं. त्यांनी ठरवून दिलेल्या कारणांतलंच. वेगळं सुचलं तर मनात ठेवावं."

"खरी सासू परवडली हो. ती निदान दुपारी झोपते."

"मला खरी नाही. देवाने ही उणीव अशी भरून काढली."

हसण्यावारी जायचं सगळं. पण दर महिन्याच्या बैठकीत भिंतीवर प्रत्येक डॉक्टरची वर्तुळं दाखवायचे, हिरवी किती, लाल किती. बाईंची हिरवी सगळ्यांत जास्त असायची. ती वर बघायची नाही, वहीत काहीतरी गिरवत बसायची. पण कान तिकडेच असायचे. चांगल्या कामाचा अभिमान हाही शेवटी अभिमानच. तो कुठल्या दाराने आत येतो, ते घरच्या माणसालाही कळत नाही.

आबांचं कोलेस्टेरॉल तिनेच तपासलं. लाल.

"पिकतं तिथे विकत नाही," आई म्हणाली. "जगाला औषधं दिली आणि स्वतःचं रक्त कधी तपासलं नाही. आता लेक सांगेल ते मुकाट्याने घ्यायचं. ऐकताय ना?"

"ऐकतोय. सोनाराने कान टोचले की दुखत नाही म्हणतात, बघू," आबा म्हणाले, आणि रात्रीच्या जेवणानंतर आईने तळहातावर ठेवलेली गोळी त्यांनी पाण्याबरोबर घेतली.

महिन्याने आकडा झरझर उतरला. बाई त्या संध्याकाळी चपला न काढताच घरात शिरली. "आबा, तुम्ही हिरवे झालात!"

"वाळल्या लाकडाला पालवी फुटली म्हण की," आबा हसले. तिने त्यांचे दोन्ही हात धरून हलवले, लहानपणी हलवायची तसे. त्या दिवशी घरात केवढा आनंद होता.

पुढच्या तपासणीला आकडा पुन्हा वर. लाल. बाईने डोस वाढवला. नंतरच्या तपासणीलाही लाल. पुन्हा वाढवला. असं करत करत डोस शेवटच्या पायरीला गेला. डोस वाढवण्याआधी पडदा दरवेळी एक प्रश्न विचारायचा: रुग्ण औषध नियमित घेतो का? त्याखाली 'हो'वर खूण आधीच केलेली असायची, 'नाही' असेल तर बदलायची. परक्यांच्या बाबतीत बाई विचारून मगच पुढे जायची. आबांचा पडदा उघडला की मात्र तिचं बोट तिथे थांबायचंच नाही. गोळ्या चुकवणाऱ्यांचे ज्या माणसाने प्रेमाने कान उपटले, त्याला काय विचारायचं? शिवाय आई रोज स्वतःच्या हाताने देते. 'हो' तसाच राहिला. बाप उंबऱ्याबाहेर बाकावर बसून लोकांशी हसतोय, आत लेक त्याच्या नावावर पुढे, पुढे दाबतेय.

असं जवळजवळ दोन वर्षं चाललं.

मग आबांना ताप आला, खोकला आला, छातीचा फोटो काढला तर एका बाजूला पांढरा ढग. त्यांना मोठ्या रुग्णालयात दाखल केलं. पूर्वी रुग्ण आला की सिस्टर त्याची पिशवी खाटेवर पालथी करायच्या आणि न फोडलेल्या गोळ्यांची पाकिटं पाहून हसायच्या. आता तशी गरज उरली नव्हती. दवाखान्यातली औषधं आपोआप रुग्णालयाच्या पडद्यावर उतरली, डोसासकट. त्यांत छातीच्या संसर्गाचं नवं औषध जोडलं गेलं.

संध्याकाळी सिस्टर छोट्या प्लास्टिकच्या वाटीत गोळ्या घेऊन आल्या. बाई खाटेच्या पायथ्याशी उभी होती. आबांनी वाटीत पाहिलं, मग लेकीकडे पाहिलं.

"हे सगळं घ्यायचं?"

"घ्या ना आबा. ती पांढरी नेहमीचीच आहे."

"नेहमीचीच," आबा म्हणाले. क्षणभर त्यांचा हात वाटीवर थांबला. मग त्यांनी गोळ्या तोंडात टाकल्या.

"आ करा बघू मोठे डॉक्टर," सिस्टर म्हणाल्या. "जिभेखाली बघू. माझ्याकडे लबाडी चालत नाही."

आबांनी आ केला. बाई हसली. पुढे कितीतरी दिवस ते स्वतःचं हसणं तिच्या कानांत वाजत राहिलं.

ताप उतरला. खोकला सैल झाला. पण आबा पाय पोटाशी घेऊन पडू लागले. मांड्या दाबून दे म्हणायचे, आणि दाबल्या की कण्हायचे. बाईने वॉर्डाच्या डॉक्टरांना गाठलं. त्या मध्यमवयीन, भराभर चालणाऱ्या, एका हाताने फोन आणि दुसऱ्याने फाईल सांभाळणाऱ्या होत्या.

"मॅडम, पाय फार दुखताहेत त्यांचे. कोलेस्टेरॉलच्या गोळीने स्नायू दुखतात कधीकधी…"

"तापात अंग दुखतंच हो. आणि पडून राहिलेत." त्यांनी पडदा फिरवून दाखवला. "आमच्या सॉफ्टवेअरनेही ओरड केली होती. म्हणे, हे छातीचं औषध आणि ती गोळी एकत्र नको, रक्तात गोळी साठते. पण ते दिवसभर कशावर ना कशावर ओरडत असतं. देवळात येणारा जाणारा घंटा वाजवतो म्हणून पुजारी दरवेळी धावत सुटतो का? मी कारण घातलं, गोळी जुनी आहे, सोसते आहे. किती दिवस घेताहेत ते?"

"दोन वर्षं होतील," बाई म्हणाली.

"याच डोसवर?"

"शेवटचे सहा-आठ महिने याच डोसवर."

"मग? इतके दिवस सोसली ती आताच कशाला बाधेल?"

बाईला पटलं. कुठल्याही डॉक्टरला पटलं असतं. दोन हुशार, कष्टाळू, सरळ मनाच्या बायका त्या पडद्यासमोर उभ्या होत्या, आणि दोघी एका 'हो'वर रेलल्या होत्या. जो कुणी उच्चारलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती वॉर्डात आली तेव्हा सिस्टर दोघांना हाताशी घेऊन आबांना उठवत होत्या. आबांचे पाय जमिनीला टेकले आणि तसेच दुमडले. ओल्या कापडासारखे. त्यांना परत आडवं केलं. खाटेखालचं लघवीचं भांडं सिस्टरने उचललं आणि उजेडात धरलं.

तळाशी थोडीशीच होती. रंग कोऱ्या चहासारखा, खूप उकळून ठेवलेल्या.

बाईची पाचावर धारण बसली. पुस्तकात एकदा वाचलेलं, परीक्षेत लिहिलेलं, आणि आयुष्यात कधी पाहावं लागू नये असं वाटलेलं. स्नायू वितळून रक्तात उतरला की लघवीला हा रंग येतो. पण वितळेल कशाने?

वॉर्डाच्या डॉक्टर फेरीवर आल्या. त्यांच्या कपाळावर आठी होती. "किडनीचे आकडे बिघडलेत. संसर्ग रक्तात गेला असणार. छाती अजून भरलेली आहे, तेव्हा पाणी जपून द्यायचं, नाहीतर फुप्फुसं बुडतील. गोळ्या सध्या चालू राहू देत, संध्याकाळी बघू." आणि त्या पुढच्या खाटेकडे वळल्या.

पाणी जपून द्यायचं. आणि हे जर स्नायूचं असेल, तर पाणी नदीसारखं सोडायला हवं, तेही आत्ता, एकेक तास मोलाचा. एक केलं तर फुप्फुसं जातात, दुसरं नाही केलं तर किडनी. मधे आबा. गोळी जुनी आहे. गोळी सोसते आहे. मीच म्हणाले. मीच म्हणाले का? मला कुणी सांगितलं?

तिथे, वॉर्डाच्या मधोमध, ट्रॉलीच्या खडखडाटात, तिला आठवलं की आपण त्यांना कधी विचारलंच नाही.

खाटेजवळ स्टूल नव्हतं. तिने पायरीची लोखंडी घडवंची ओढली आणि तिच्यावर बसली. आता तिचा चेहरा आबांच्या उशीपेक्षा खाली होता.

"आबा."

"हं."

"ती रात्रीची गोळी किती वेळा राहायची हो?"

आबांनी डोळे उघडले. ओठांच्या कडेला काहीतरी हललं. हसू म्हणावं तर हसू नव्हतं. आपलंच नाणं कितीतरी वर्षांनी हातात परत आल्यावर माणूस त्याच्याकडे बघतो, तसे ते लेकीकडे बघत राहिले.

"रोजच, चिमणे," ते म्हणाले.

"रोज म्हणजे?"

"पहिला महिना घेतली. मग जिना चढताना कठडा धरायला लागला. मांड्यांत ओली वाळू भरल्यासारखं व्हायचं. सोडली तर आठवड्यात बरं वाटलं. मग घेतलीच नाही."

"आई हातावर ठेवायची ना?"

"गालात ठेवायचो. ती वळली की बेसिनमध्ये."

"मला का नाही सांगितलं?"

"हिरवा झालात म्हणालीस." आबांना धाप लागत होती. "किती खूश होतीस गं. आणि मी तरी काय तोंडाने सांगणार? जन्मभर लोकांना दटावलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ."

"मी डोस वाढवत होते आबा! तुम्हाला दिसत नव्हतं?"

"गोळी बघायचोच नाही मी. पांढरी असायची. पूर्वीचीच लहान असेल, असं धरून चाललो."

"मग इथे का घेतलीत?" तिचा आवाज फाटला. "इथे का घेतलीत, आबा?"

"तू समोर उभी होतीस," आबा म्हणाले.

बाई उठली. धावत जाणाऱ्या माणसाला वॉर्ड किती लांब असतो, ते तिला त्या दिवशी कळलं. वॉर्डाच्या डॉक्टर शेवटच्या खाटेशी सापडल्या.

"त्यांनी गोळी घेतलेलीच नाही. कधीच नाही. पहिला महिना सोडला तर."

"कोणी?"

"माझ्या वडिलांनी. तो सगळा डोस त्यांच्या अंगात इथे पहिल्यांदा गेला. तुमच्या त्या छातीच्या औषधाबरोबर. स्नायूंची तपासणी करा, मॅडम, आत्ता करा, लघवीचा रंग बघा जाऊन."

वॉर्डाच्या डॉक्टरांचा चेहरा उतरला. हातातली फाईल त्यांनी हळूच खाटेवर ठेवली. "पण तुम्हीच म्हणालात दोन वर्षं…"

"मीच म्हणाले. न विचारता म्हणाले."

पुढे वॉर्डाच्या डॉक्टरांनी एक शब्द वाया घालवला नाही, हे त्यांचं थोरपण. गोळी बंद, छातीचं औषध बदललं, रक्त हातोहात प्रयोगशाळेत. उत्तर आलं तेव्हा आकडा नव्हताच. यंत्राने इतकंच कळवलं होतं की यापुढचं मोजता येत नाही. दोन्ही हातांना सलाईन लावलं. पाणी धो धो आत जाऊ लागलं आणि बाहेर काहीच येईना. लघवीच्या नळीला जोडलेली पिशवी खाटेच्या कडेला लटकत होती, चपटी, कोरडी, आपल्याच घड्या दाखवत. संध्याकाळपर्यंत आबांची छाती घरघरायला लागली. तेव्हा पाणी थांबवावं लागलं. किडनीचे डॉक्टर आले, दोन मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, "मशीनवर घेऊ या. किडनी परत सुरू होतील की नाही, ते त्यांच्या वयाला आज सांगता येणार नाही. वाट बघायची."

आईला कळवलं. ती पिशवीत आबांचा स्वेटर घेऊन आली होती, कारण रुग्णालय थंड असतं. सगळं ऐकून झाल्यावर ती नवऱ्याकडे वळली.

"गालात?" ती म्हणाली. "अहो, गालात? ही लहान असताना गोळी गालात ठेवायची, तेव्हा तुम्हीच म्हणायचात, बोट घालून काढ तिची. आणि तुम्ही?" तिने त्यांच्या दंडावर एक चापट मारली. मऊ, लहान मुलाला मारतात तशी. "दोन वर्षं मी गोळीबरोबर पाण्याचा पेला घेऊन उभी राहत होते हो." आणि त्याच दंडावर कपाळ टेकून ती रडायला लागली.

मशीन सुरू झालं. आबांचं रक्त नळीतून बाहेर जायचं, फिरायचं, धुऊन परत यायचं. खोलीत त्याची घरघर एकसुरी चालू असायची. आई खुर्चीत बसून ओठांतल्या ओठांत देवाचं नाव घ्यायची. बाई खिडकीशी उभी राहायची. तिला मागायचं होतं, पण शब्द फुटत नव्हते. कारण जे शब्द ओठांवर यायचे ते सगळे एकाच वळणाचे होते. वाचवशील ना? देशील ना? माणूस देवालाही असंच विचारतो, की त्याला 'हो'च म्हणावं लागावं. आणि देव बिचारा उत्तर न देता आपल्या शेजारी बसून राहतो.

वकिलांचा फोन आला. एरवी हसत सुरुवात करणारा माणूस, आज त्यांना सुरुवातच सापडत नव्हती. "बाई… तुमचे रुग्ण मी बघतोय, काळजी नको. एक सांगू? आज ज्यांची वर्तुळं लाल होती, त्यांना सगळ्यांना मी तुमच्या आबांसारखं विचारलं, किती वेळा राहते म्हणून. बाई, सकाळपासून…"

"आज नका सांगू," बाई म्हणाली. "पाया पडते. आज नका सांगू."

"बरं," वकील म्हणाले. मग फोन कुणी ठेवला ते कळलं नाही.

दिवस गेले. मशीन एक दिवसाआड लागत होतं. पाय थोडे बरे होते, दुखणं कमी होतं. पण आबांची कातडी राखेच्या रंगाची झाली होती आणि बोलताना शब्द मधेच गळून पडायचे. पिशवी कोरडीच. सिस्टर यायच्या, वाकून बघायच्या, काही न बोलता सरळ व्हायच्या. बाईला त्यांच्या पाठीकडे बघूनच कळायचं. किडनीचे डॉक्टर आता 'वाट बघू'च्या आधी थोडं थांबायला लागले होते.

एका दुपारी ऊन खाटेच्या पायथ्यापर्यंत आलं होतं. आई खाली पाणी प्यायला गेली होती. बाई पिशवी बघून नुकतीच सरळ होत होती, तेवढ्यात मागून आवाज आला.

"चिमणे."

"काय आबा?"

"झाली ना थोडी?"

ती तशीच उभी राहिली. तिची पाठ त्यांच्याकडे होती. आयुष्यभर ज्या माणसाने हा 'ना' दवाखान्याच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही, तो माणूस तिला विचारत होता, झाली ना. त्यांना तपासणी नको होती. त्यांना फक्त एक मान हललेली हवी होती. आणि हलवायला काय लागतं? दोन वर्षं आबांनी तिच्यासाठी हलवलीच की. प्रेमानेच हलवली. तिच्या ओठांवर 'हो' आला, पार दातांपर्यंत आला.

तिने लोखंडी घडवंची ओढली आणि बसली. चेहरा उशीपेक्षा खाली आणला. त्यांचा सुजलेला हात दोन्ही हातांत घेतला.

"नाही, आबा," ती म्हणाली. "अजून थेंबसुद्धा नाही."

आबा छताकडे बघत राहिले. मशीनशिवायची खोली फार शांत होती. मग त्यांची बोटं तिच्या हातात हळूहळू मिटली, होती नव्हती तेवढी ताकद लावून.

"बसून सांगितलंस," ते पुटपुटले.

"हो."

"मग आता उठू नकोस."

ती उठली नाही. जिन्यावर आईच्या चपलांचा आवाज आला, दाराशी येऊन थांबला. ऊन खाटेवरून उतरून भिंतीवर गेलं. सिस्टर येऊन वाकल्या आणि काही न बोलता सरळ झाल्या. बाई तशीच त्या लोखंडी पायरीवर, बापाच्या उशीपेक्षा खाली, हात धरून बसून राहिली.